आफ्रिकन ग्रे पोपट पुण्याहून अमेरिकेला रीतसर न्यायचा आहे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली न्यू जर्सीला होतेय आणि इतक्यात परत येणं नाही. प्रश्न आमच्या गोट्याचा आहे. गोट्या आफ्रिकन ग्रे. २०१८ मध्ये पुण्यातल्याच एका ब्रीडरकडून घेतला, तेव्हा चमच्याने भरवावं लागायचं. पायात क्लोज्ड रिंग (पिल्लू लहान असतानाच घातलेली अखंड कडी) आहे, नंबर अजून स्वच्छ वाचता येतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांसाठी आणलेल्या ऐच्छिक घोषणेत त्याची नोंद केली होती आणि अशा प्राण्यांच्या नोंदणीचे २०२४ चे नियम आल्यावर पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरही नोंदणी केली. दोन्हीचे कागद आहेत. ब्रीडरची मात्र नुसती पावती आहे: तारीख, रक्कम आणि 'ग्रे पिल्लू १'. रिंग नंबर नाही.

ही जात जानेवारी २०१७ पासून सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक नियमांच्या यादीत आहे. त्यामुळे कुत्र्यामांजरासारखं लसीकरणाचं पुस्तक दाखवून भागणार नाही, एवढं कळलंय. एका एजंटने फोनवर सांगितलं, "ताई, कागदावर कॉकॅटील दाखवू, कोण बघतंय?" कॉकॅटील म्हणजे या यादीत नसलेला छोटा पोपट. एजंटला तिथेच नको म्हटलं. पक्षी जप्त झाला तर त्याचे काय हाल होतील, याचा विचारही करवत नाही. वेळ आणि पैसा लागला तरी चालेल, सगळं सरळ मार्गानेच करायचं आहे.

आधी कुठल्या देशाचा परवाना काढायचा? पावतीवर रिंग नंबर नाही, त्याचं काय करू? आणि तिकडे उतरल्यावर ३० दिवसांचं सरकारी क्वारंटाइन आहे, खरी धास्ती मला त्याचीच आहे. मागे आम्ही लग्नासाठी गावी गेलो तेव्हा गोट्याला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं. परत आलो तर छातीवरची पिसं उपटलेली, गुलाबी कातडी दिसत होती आणि पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये राखाडी लव साचलेली. पिसं भरून यायला अख्खा पावसाळा गेला. कोणी ग्रे नेला असेल तर हे दिवस कसे निभावले ते कृपया सांगा.

प्रतिसाद – पाणकावळा

ताई, एजंटला हाकललंत ते उत्तम केलंत. आम्ही आमची ग्रे टेक्सासला नेली आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात अमेरिकेपासून करा. परिशिष्ट १ च्या प्राण्याला निर्यात परवाना देण्याआधी समोरच्या देशाने आयात परवाना दिलेला असावा लागतो. यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या तिकडच्या वन्यजीव खात्याचा पाळीव प्राण्यांसाठीचा अर्ज म्हणजे फॉर्म ३-२००-४६. परदेशी पक्ष्यांच्या आयातीवर बंधनं घालणाऱ्या त्यांच्या १९९२ च्या वाइल्ड बर्ड कायद्याची परवानगीही त्याच अर्जात येते. सलग किमान एक वर्ष अमेरिकेबाहेर राहिलेल्या माणसाला वर्षाला दोनपर्यंत पाळीव पक्षी नेता येतात, म्हणजे तुम्ही त्यात बसता. मग दिल्लीत पर्यावरण मंत्रालयातल्या सायटीस प्राधिकरणाकडे अर्ज. निर्यात परवान्याची मुदत सहाच महिने असते, म्हणून तिकडची क्वारंटाइनची जागा आणि विमान ठरवूनच तारखांचा हिशोब मांडा. परवाना हातात आला की निघायचं, सामानाच्या कंटेनरची वाट बघत बसायचं नाही.

आता पावतीचं. लोक इथेच अडकतात. परिवेशची नोंदणी सांगते की पक्षी तुमच्या ताब्यात आहे. तो पिंजऱ्यात जन्मला की रानातून पकडून आणला, हे ती सांगत नाही, आणि परवाना देणारे नेमकं तेच विचारतात. ब्रीडरला गाठा. रिंग नंबर, पिल्लू अंड्यातून बाहेर आल्याची तारीख आणि आईबापांची जोडी त्याने कुठून आणली, हे त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. आईबापांचे कागद त्याच्याकडे असतील तर त्यांच्या प्रतीही घ्या. हे काम आजच सुरू करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

निघताना मुंबईला कस्टम्सकडून मूळ परवान्यावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. इथल्या सरकारी ॲनिमल क्वारंटाइन कार्यालयाचं आरोग्य प्रमाणपत्र वेगळं लागतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे खोका असा हवा की पक्षी दांडीवर नीट बसेल आणि दाणापाणी बाहेरून भरता येईल.

तिकडच्या क्वारंटाइनसाठी यूएसडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचा, परवाना वेगळा काढावा लागतो आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. तुम्हाला न्यूयॉर्क सोयीचं पडेल. खोका आत्ताच घरात आणा, दार उघडं ठेवा, आत बदाम टाका, त्याचा तो जाऊ दे. तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या हातून खायची सवयही लावा. आमच्या मादीने तिथे दोनचार पिसं काढली, पण ती खात राहिली, आणि तेच महत्त्वाचं होतं.

धागाकर्ती

दादा, खूप खूप आभार. ब्रीडरशी आत्ताच बोलले. त्याच्याकडे रिंगची वही आहे आणि त्यात गोट्याचा नंबर सापडला. आईबापांची जोडी २०१४ मध्ये घेतल्याची पावती शोधून देतो म्हणालाय. तो साध्या कागदावर लिहून देईल ते चालेल, की नोटरी करून घेऊ? आणि क्वारंटाइनमध्ये त्याचं रोजचं खाणं आपण देऊ शकतो का? तो मक्याशिवाय सकाळी कशालाच तोंड लावत नाही.