बाबाले डोमकळी दिसते, मले काहून दिसत नाई?

पऱ्हाटीवाला:
राम राम मंडळी. प्रश्न थोडा येडा वाटन पण विचारूनच टाकतो. मी यवतमाळकडचा, कॉलेज झालं, आता बाबासोबत वावरात जातो, पाच एकर पऱ्हाटी (कपाशी) आहे. परवा दोघं तासानं (पऱ्हाटीच्या ओळीनं) चाललो होतो, बाबाचा एका डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढाचा आहे, त्यात चष्मा घरी विसरले, तरी दोन तास पलीकडून म्हणते, "ते पाय, डोमकळी." मी पायतो तं मले नुसते फुलंच फुलं. जवळ जाऊन हात लावला तवा कळलं, पाकळ्या उमललेल्याच नाई, गुलाबाच्या कळीवानी पीळ बसलेला, उघडली तं आत गुलाबी अळी. आता खरी गंमत पुढं आहे, त्याच झाडाचा मी आदल्या दिवशी फोटो काढला होता, घरी येऊन मोबाईल पाह्यला तं फोटोत ते फूल मधोमध! म्हणजे डोयासमोर होतं अन् दिसलं नाई.

दुसरं असं का १५ वर्षांआधी विकलेल्या बैलजोडीचा रंग, शिंगं, दात, कितीले गेली, सगळं बाबाले तोंडपाठ. अन् बँकेचा ओटीपी सांगा, दोन आकडे दाबले का तिसरा गायब. हे डोयाचं आहे का डोक्याचं? अन् मले शिकता येईन का?

रिकामा_मास्तर:
डोक्याचं आहे भाऊ. यावर लय जुना प्रयोग आहे, १९७३ चा, चेस अन् सायमन या दोन अमेरिकन संशोधकांचा (खेळ बुद्धिबळाचा अन् एकाचं आडनावच चेस, काय करता). पट ५ सेकंद दाखवाचा, झाकाचा, अन् म्हणाचं मोहरे जसेच्या तसे मांड. खऱ्या डावातला पट असला तं मास्टर खेळाडू धडाधड मांडते, नवख्याचे चार-पाच मांडून झाले का गाडी थांबते. मग त्यांनी मोहरे कसेबी फेकून ठेवले, डावच नाई. तिथं मास्टर अन् नवखा जवळपास सारखेच! म्हणजे मास्टरची मेमरी मोठी नाई, त्याले एकेक मोहरा दिसतच नाई, चार-पाच मोहऱ्यांची वळखीची जुडीच दिसते अन् तेच ध्यानात राहते. तुह्या बाबाले ओटीपी म्हणजे फेकलेले मोहरे आहेत, बैलजोडी म्हणजे डाव.

बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानंबी १९३२ मध्ये आफ्रिकेतल्या एका स्वाझी गुराख्याबद्दल लिवलं आहे, वर्षाआधी घेतलेल्या ढोरांचा रंग, खुणा, भाव त्यानं धडाधड सांगितले, एक-दोन बारीक चुका सोडल्या तं सगळं बरोबर. बाजार कोणताबी असो, ढोरंवाला माणूस सारखाच.

वऱ्हाडी_टोला:
काही नाई, म्हातारपणी जुनंच आठवते अन् नवं विसरते. माह्या आज्याचंबी तसंच होतं. उगा सायन्स काहून लावून राहिले.

पऱ्हाटीवाला:
@वऱ्हाडी_टोला मंग भाऊ या हंगामात कोणत्या तासाले किती डोमकळ्या सापडल्या ते बाबाले कसं काय आठवते? ते तं जुनं नाई ना.

धानवाली_ताई:
शिकता येते का, यावर सांगते. आम्ही भंडाऱ्याकडचे. बांधीत धानासारखंच दिसणारं एक गवत येते, कोवळं असताना हुबेहूब धान. माझी सासू निंदताना त्याले धरून अशी उपटते का हात आधी जाते अन् नजर मागून. मी लग्न होऊन आली तेव्हा गवत ठेवलं अन् धान उपटलं, दोन बायका पोट धरून हसल्या, ते जाऊ द्या. सासूले विचारलं कसं वळखता, तं म्हणे "दिसते बस". किती वर्षं तेच उत्तर. मग गावात शेतीशाळेवाले सर आले, त्यांनी पान मोडून दाखवलं, पान खोडाले जुळते तिथं धानाले पातळ पांढरा पापुद्रा असते, जिभेसारखा, या गवताले नसते. झालं! एका सकाळीत माझा मुलगा वळखायले लागला, मी चार पावसाळे घातले होते.

नंतर कळलं का याचा प्रयोगबी झाला आहे, १९८७ चा, एका दिवसाची कोंबडीची पिल्लं नर का मादी वळखायचा. जाणते लोक नजरेनंच सांगतात पण कसं ते सांगता येत नाई. नवख्या लोकांना एका पानावर लिहून दिलं का नेमकं कुठं पाहायचं, तं फोटोंवर ते जाणत्यांच्या तोडीला आले. म्हणून बाबाले "काय दिसते" विचारू नको, दोन फुलं हातात दे, एक चांगलं एक डोमकळी, अन् बोट ठेवून दाखवाले लाव.

एक्सरे_रूम:
मी तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढतो, त्यामुळे जरा उलटी बाजू सांगतो. २०१३ मध्ये अमेरिकेत २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन दिले, गाठी शोधा म्हणून. शेवटच्या स्कॅनमध्ये एका गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना दिसलाच नाही. कॅमेऱ्यानं त्यांची नजर मोजली होती, त्या २० पैकी १२ जणांची नजर बरोबर गोरिलावरच गेली होती. पाहत होते अन् दिसलं नाही, तुझ्या फोटोसारखंच. अर्थात रेडिओलॉजी न शिकलेल्या साध्या लोकांपैकी तर एकालाही दिसला नाही, अन् गाठी शोधण्यात डॉक्टर त्यांच्या कितीतरी पुढं होते, तेव्हा अनुभव फुकट जात नाही. पण अनुभवी माणूस जे शोधायला निघाला तेच शोधतो. तुझे बाबा अळी पाहत असले अन् धुऱ्यावर रोही (नीलगाय) उभी असली तर बाबांच्या भरवशावर राहू नको.

पऱ्हाटीवाला:
ताई, तुमच्या सांगण्यावरून दोन फुलं हातात दिली. बाबानं पाच मिनिटं इकडून तिकडून फिरवलं अन् मग बोलले, "चांगलं फूल तोंड उघडून पायते, हे तोंड दाबून बसलं." काल मले एकट्याले तीन सापडल्या.

अन् मास्तर, तुमचा ५ सेकंदवाला प्रयोग घरी केला. बैलबाजाराचा एक फोटो होता मोबाईलमध्ये, बाबासमोर धरला, पाच मोजले, झाकला. बाबा सुरू: "दोन जोड्या. पुढची ढवळी, डाव्याचं शिंग मोडकं, उजवा पायानं लंगडा असन, वजन एका बाजूनं टाकून उभा आहे. मागची गवळाऊ जातीची, पण जोड बरोबर नाई, एक बैल वयानं मोठा." म्या फोटो पुन्हा पाह्यला, शब्दन् शब्द बरोबर.

तेवढ्यात आई आली, मोबाईल हातात घेतला अन् म्हणते, "अवो, दोर धरून माहा भाऊ उभा आहे तो नाई दिसला वाटते?"