वाचकांनी आपल्या पानांचा दुवा द्यावा यासाठी काय करावे?

रात्रपाळी:
गेली चार वर्षे मी हौशी आकाशनिरीक्षणावर एक संकेतस्थळ चालवतो. ग्रहणांची गणिते, दुर्बिणीच्या भिंगांची निगा, तारकासमूह ओळखण्याच्या खुणा असे साधारण ६० लेख तेथे आहेत. वाचक पत्र लिहून कौतुक करतात, माहिती वापरतातही. मात्र स्वतःच्या लिखाणात माझ्या पानाचा दुवा क्वचितच देतात. प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘लेख आवडल्यास दुवा अवश्य द्या’ अशी ओळ घातली, तिचा काही उपयोग झालेला दिसत नाही. एका परिचितांनी ‘तुम्ही माझा द्या, मी तुमचा देतो’ अशी योजना सुचवली आहे. ती स्वीकारावी की आणखी काही मार्ग आहे?

पानोपानी:
आपली विनंती चुकीची नाही, परंतु ती चुकीच्या माणसाला केलेली आहे. लेख शेवटपर्यंत वाचणारा वाचक बहुधा दुवा देणारा नसतो. दुवा देणारा स्वतःचे काहीतरी लिहीत असताना, एखाद्या विधानाला आधार शोधत आपल्या पानावर येतो. त्याला संपूर्ण लेख नको असतो, त्यातला एक तक्ता किंवा एक परिच्छेद हवा असतो. तेवढ्याच भागाचा दुवा त्याला देता आला नाही, तर तो माहिती उचलतो आणि पुढे जातो. म्हणून प्रत्येक उपशीर्षकाला स्वतंत्र आयडी, म्हणजे पानातली ती जागा ओळखण्याचे नाव, द्यावा आणि त्याच्या शेजारी दुव्याचे लहानसे चिन्ह ठेवावे, म्हणजे त्यावर टिचकी मारताच त्या नेमक्या जागेचा पत्ता हाती येईल.

दुसरी गोष्ट पत्त्याची. आपण पानांचे पत्ते देवनागरीत ठेवले असतील तर एकदा ते स्वतः नक्कल करून दुसरीकडे चिकटवून पाहावेत. यूटीएफ-८ या संगणकातील अक्षरलेखनाच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो. ‘चंद्रग्रहण’ या शब्दात अनुस्वार आणि हलन्त धरून १० चिन्हे आहेत. त्यांची ९० अक्षरांची माळ होते. ब्राउझरच्या पट्टीत शब्द सुरेख दिसतो, पण चिकटवताना पुष्कळदा ही माळच बाहेर पडते, आणि ती आपल्या लेखात घालायला कोणीही कचरेल. मातृभाषेतला पत्ता मलाही प्रिय आहे, तरी येथे मी रोमन लिपीतला आखूड पत्ताच पसंत करतो.

जुना जाळेकर:
परस्पर दुव्यांच्या योजनेपासून दूर राहावे. दुवा म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेली साक्ष, हा विचार १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांनी पेजरँक या, दुव्यांवरून पानांचे महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीच्या रूपाने मांडला. साक्षीला किंमत आली, तशी खोटी साक्षही आली. टिप्पण्यांमधून दुवे पेरणाऱ्यांना रोखण्यासाठी २००५ मध्ये ‘नोफॉलो’, म्हणजे हा दुवा साक्ष म्हणून धरू नये असे शोधयंत्राला सांगणारी खूण आली आणि गूगलने २०१२ मध्ये शोधनिकालांच्या क्रमवारीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलानंतर विकतच्या व ठरवून जमवलेल्या दुव्यांवर उभी असलेली कितीतरी संकेतस्थळे शोधनिकालांत खाली गेली. दोन जाणकारांनी एकमेकांची पाने सहज उद्धृत करणे यात काही गैर नाही. केवळ अदलाबदलीसाठी रचलेली दुव्यांची यादी मात्र गूगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय अशी यादी वाचत कोण असेल, हा प्रश्न उरतोच.

भिंगवाला:
विनंतीचा उपयोगच नाही, असे मात्र मला वाटत नाही. ती नेमकी असावी लागते. मी माझ्या प्रत्येक आकृतीखाली ‘ही आकृती वापरण्यास हरकत नाही, सोबत या पानाचा दुवा द्यावा’ असे लिहितो आणि त्याखाली दुव्याची तयार ओळ ठेवतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली, म्हणजे श्रेय देऊन वापरण्याची मुभा देणाऱ्या तयार परवान्याखाली, आकृती दिली तर वापरणाऱ्याला त्याने काय करावयाचे आहे हेही स्पष्ट होते. तयार ओळीत पानाचे साधे शीर्षक असावे. तिच्यात शोधशब्द कोंबण्याचा मोह टाळावा. कोणी दुवा न देता आकृती वापरली आहे असे आढळले तर मी दोन ओळींचे पत्र पाठवतो, तक्रारीचा सूर न लावता. बहुतेक जण दुवा घालतात, कारण त्यांनी तो मुद्दाम टाळलेला नसतो, केवळ राहून गेलेला असतो.

आपण ग्रहणांची गणिते स्वतः करता, हे आपले खरे भांडवल आहे. तयार उत्तराबरोबर रीत आणि मध्यंतरीचे आकडेही द्यावेत. जे दुसरीकडे सहज मिळत नाही, त्याचाच दुवा द्यावा लागतो.

रात्रपाळी:
सर्वांचा आभारी आहे. पत्ते तपासताना एक लाजिरवाणी गोष्ट लक्षात आली. दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळाची मांडणी बदलताना मी सगळ्या पानांचे पत्ते बदलले होते, आणि काही वाचकांनी त्याआधी दिलेले दुवे आज ‘पान सापडले नाही’ या सूचनेवर जाऊन थांबतात. म्हणजे दुवे होते, ते मीच तोडले. आता रोमन लिपीसाठी पत्ते पुन्हा बदलायचे तर तेच होणार का?

पानोपानी:
जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ क्रमांकाचे कायमचे पुनर्निर्देशन, म्हणजे येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना, ठेवल्यास होणार नाही. मांडणी बदलण्यापूर्वीचा आणि सध्याचा असे दोन्ही पत्ते थेट नव्या पत्त्याकडे वळवावेत, एकातून दुसऱ्यात अशी साखळी करू नये. उपशीर्षकांचे आयडी मात्र आत्ताच विचारपूर्वक ठरवावेत, कारण ते पत्त्यात हॅश (#) चिन्हानंतर येतात आणि तो भाग ब्राउझर सर्व्हरकडे, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकाकडे, पाठवतच नाही. तो बदलला तर सर्व्हरवरच्या पुनर्निर्देशनाने सावरता येत नाही.