पृष्ठभाग : पाठ की वरची बाजू?

मुक्ता_वाचते
भूगोलाच्या पुस्तकात 'पृथ्वीचा पृष्ठभाग' आला की वर्गातली मुले तोंडावर हात धरून हसतात, कारण माणसाच्या बाबतीत तो शब्द कोणत्या अवयवासाठी वापरतात हे त्यांना पक्के ठाऊक असते. हसणे बाजूला ठेवले तरी शंका उरतेच. 'पृष्ठ' म्हणजे पाठ आणि पाठ ही मागची बाजू. मग जमिनीच्या वरच्या बाजूला आणि पुस्तकाच्या पानालाही तोच शब्द कसा लागू झाला? शिवाय धडा या अर्थी आपण जो 'पाठ' म्हणतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

ओसरीवरचा
पाठ मागे असते ती दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या माणसाची. गाय, घोडा, हत्ती, कासव यांची पाठ आभाळाकडे असते. तिच्यावर स्वार बसतो, ओझे लादले जाते, आणि वरून पाहणाऱ्याला त्या जनावराचे तेवढेच अंग दिसते. संस्कृतात 'पृष्ठ' शब्दाला शरीराची मागची बाजू आणि वस्तूची वरची बाजू असे दोन्ही अर्थ फार पूर्वीपासून आहेत, आणि त्यांना जोडणारा दुवा हाच असावा असे मला वाटते. ऋग्वेदात 'नाकस्य पृष्ठे' असा प्रयोग येतो, त्याचा अर्थ स्वर्गाच्या माथ्यावर. (तिथल्या 'नाक' शब्दाचा आपल्या चेहऱ्यावरच्या नाकाशी काही संबंध नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.) भूपृष्ठ आणि लिहिण्याचे पृष्ठ ही याच अर्थाची वाढ होय. मराठीने पुढे वाटणी केली: 'पाठ' शरीराकडे ठेवली आणि 'पृष्ठ' शास्त्राकडे व छापखान्याकडे सोपवले. तरीही एका बाजूला लिहिलेला कागद 'पाठकोरा' असतो आणि दोन्ही बाजूंची छपाई 'पाठपोट' होते, म्हणजे कागदाला पाठ आहे आणि पोटही आहे.

अनुस्वार
दुसऱ्या शंकेचे उत्तर लिंगातच आहे. 'ती पाठ' पृष्ठापासून आली आणि 'तो पाठ' पठ् या धातूपासून. दोन्ही शब्द दिसायला सारखे, पण घराणी वेगळी. 'पाठवणे' तर तिसऱ्याच घराण्यातले, म्हणजे प्रस्थापनाच्या कुळातले आहे. 'पाठचा भाऊ', 'पाठराखण', 'पाठलाग' हे मात्र खरोखर शरीराच्या पाठीवरून आलेले आहेत. संस्कृतातील ऋकाराचा अशा शब्दांत मराठीत 'अ' आणि हिंदीत 'इ' झालेला दिसतो: मृत्तिकेची आपल्याकडे माती झाली, तिकडे मिट्टी. त्याच रीतीने पृष्ठाची इकडे पाठ आणि तिकडे पीठ झाली. आपले दळलेले पीठ 'पिष्ट' शब्दापासून आलेले असल्यामुळे हिंदीत कोणाची 'पीठ' दुखू लागली की मराठी माणसाला क्षणभर चक्कीच आठवते. गोव्यात कोकणीत हीच पाठ 'फाट' होते.

मुक्ता_वाचते
दोघांचेही आभार. मग याच्या उलट 'तळ' कसा? तळहात तर वर करूनच प्रसाद घेतात.

ओसरीवरचा
'तल' म्हणजे मुळात सपाट पसरलेली बाजू. ती वर आहे की खाली, हा प्रश्न नंतरचा. म्हणूनच भूतल म्हणजे जमिनीची वरची बाजू, तर रसातळ पार खाली. मराठीत विहिरीचा तळ, तळमजला, तळाला लागलेली खीर अशा वापरांतून 'तळ' खालच्या बाजूला चिकटला, पण तळहात आणि तळपाय यांत जुना, सपाटपणाचा अर्थ टिकून राहिला.

अनुस्वार
विषय शरीराच्या पृष्ठभागाचाच चालला आहे म्हणून आणखी एक भर घालतो. 'कातडे' हा शब्द संस्कृत 'कृत्ति' म्हणजे चामडे यापासून आला आहे, आणि हत्तीचे कातडे पांघरणारा म्हणून शंकराला कृत्तिवास म्हणतात. माझ्या मागच्या प्रतिसादातील ऋकाराचा नियम इथेही लागू पडतो, आणि साप टाकतो ती 'कात' हे त्याच शब्दाचे शेपूट नसलेले रूप आहे.