महाविद्यालयातील जुना प्रॉक्सी सर्व्हर ठेवावा की काढून टाकावा?

ग्रंथालय_राजारामपुरी

नमस्कार. राजारामपुरीतील एका महाविद्यालयाचे ग्रंथालय मी सांभाळते. आमच्या संगणक कक्षातील आणि ग्रंथालयातील प्रत्येक ब्राउझरमध्ये प्रॉक्सीचा पत्ता व ३१२८ हा पोर्ट क्रमांक भरलेला आहे, आणि त्या पत्त्यावर एका जुन्या यंत्रात स्क्विड नावाची प्रणाली चालते. ती बसवणारे सर निवृत्त झाले. आता फायबरची जोडणी आल्यामुळे ‘हे यंत्र मधे कशाला?’ असा प्रश्न कार्यालयाने विचारला असून त्याचे लेखी उत्तर मला द्यायचे आहे. प्रॉक्सी सर्व्हर नेमके काय करतो, तो पूर्वी कशासाठी बसवत असत, आणि आज त्यातले काय शिल्लक राहिले आहे, हे कोणी नीट समजावून सांगेल का? मुले मोबाइलवर ‘फ्री प्रॉक्सी’ वापरतात, ती हीच वस्तू आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उद्यमनगर_नेटवर्क

मॅडम, शाहू मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या असतो, तशी प्रॉक्सीची जागा आहे. तुमचा ब्राउझर संकेतस्थळाशी थेट बोलत नाही. तो प्रॉक्सीला मागणी कळवतो, प्रॉक्सी स्वतःच्या पत्त्यावरून ती पुढे पाठवतो आणि आलेले उत्तर ब्राउझरच्या हवाली करतो. संकेतस्थळाच्या नोंदीत पत्ता उमटतो तो प्रॉक्सीचा. मात्र काही प्रॉक्सी मूळ संगणकाचा पत्ता मागणीच्या शीर्षकात लिहून पुढे पाठवतात, त्यामुळे प्रॉक्सी म्हणजे लपणे असा अर्थ लगेच काढू नये.

ही व्यवस्था जन्मली तीही लपण्यासाठी नव्हे. फायरवॉलच्या, म्हणजे संस्थेचे जाळे बाहेरच्या जगापासून राखणाऱ्या यंत्रणेच्या, आत बसलेल्या माणसांना वेब पाहता यावे, यासाठी सर्न या संशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये प्रॉक्सीची सोय करण्यात आली आणि १९९४ मध्ये तिच्याविषयीचा निबंध जिनिव्हाच्या पहिल्या जागतिक वेब परिषदेत मांडला गेला. एकदा आणलेले पान साठवून ठेवावे आणि दुसऱ्याने मागितल्यास साठ्यातूनच द्यावे, हा विचारही तेव्हापासूनचा आहे. स्क्विड १९९६ मध्ये आले ते मुख्यतः या साठवणुकीसाठी. संपूर्ण कक्षाला एकच बारीक जोडणी पुरवायची असे, त्या काळात मुलांनी एकच पान उघडले तर ते बाहेरून एकदाच येई, आणि तेवढ्यावर यंत्राची किंमत वसूल होत असे.

आज हे कारण जवळजवळ संपले आहे. बहुतेक संकेतस्थळे साध्या एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कूटबद्ध करून (मधल्या कोणाला वाचता येणार नाही असा बदलून) नेणाऱ्या पद्धतीवर गेली. अशा स्थळासाठी ब्राउझर प्रॉक्सीला फक्त ‘अमुक नावाच्या यंत्रापर्यंत वाट उघडून दे’ एवढेच सांगतो, आणि त्या वाटेने जाणारा मजकूर कूटबद्ध असतो. प्रॉक्सीला स्थळाचे नाव, वेळ आणि किती डेटा गेला-आला एवढे कळते. कोणते पान उघडले ते कळत नाही, आणि जे वाचता येत नाही ते साठवून दुसऱ्याला देताही येत नाही. याला एक अपवाद तुमच्या उपयोगाचा ठरू शकेल. कक्षातील संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटू ही कार्यप्रणाली असेल तर त्याची अद्ययावत पॅकेजे आजही सहसा साध्या एचटीटीपीवरून येतात, कारण त्यांचा खरेपणा डिजिटल स्वाक्षरीने तपासला जातो. तेथे साठवणुकीचा फायदा अजून मिळतो. विंडोजच असेल, तर केवळ वेगासाठी हे यंत्र ठेवण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडहिंग्लजकर

वरील उत्तरात ग्रंथालयाचा मुद्दा राहिला, आणि प्रश्न ग्रंथपालांनी विचारलेला आहे म्हणून तो मांडतो. संशोधन नियतकालिकांचे प्रकाशक वर्गणीदार संस्थेला बहुतेक वेळा तिच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर तिला मिळालेल्या क्रमांकावरून, ओळखतात. म्हणून महाविद्यालयात उघडणारा लेख घरी पैसे मागतो. यावरचा जुना उपाय प्रॉक्सीचाच आहे: वाचकाने आधी संस्थेच्या प्रॉक्सीवर आपली ओळख पटवायची, मग त्याची मागणी संस्थेच्या पत्त्यावरून प्रकाशकाकडे जाते. ईझीप्रॉक्सी हे सॉफ्टवेअर १९९९ पासून ग्रंथालयांसाठी हेच काम करते, आणि २००८ पासून ते ओसीएलसी या ग्रंथालय संस्थेकडे आहे. अनुदानित महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना आहे. तिच्यात वाचकाला स्वतंत्र लॉगिन मिळते आणि तो घरूनही वाचू शकतो. मी गावाकडे बसून प्रबंधाचे वाचन करतो ते याच मार्गाने. तेव्हा तुमचे स्क्विड आणि ही दूरस्थ प्रवेशाची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक काढल्याने दुसरी सहसा बंद पडत नाही. फक्त एखाद्या प्रकाशकाकडे स्क्विडच्या यंत्राचाच सार्वजनिक पत्ता नोंदवला असेल, तर तो आधी बदलून घ्यावा लागेल.

ग्रंथालय_राजारामपुरी

दोघांचेही आभार. आमच्याकडे एन-लिस्ट आहे आणि संगणक सगळे विंडोजचे आहेत. कार्यालयातून आणखी एक सूचना आली आहे: यंत्र ठेवायचेच असेल तर मुले काय पाहतात ते पूर्ण वाचता येईल अशी व्यवस्था त्यात करावी. हे शक्य आहे का, आणि करावे का?

उद्यमनगर_नेटवर्क

शक्य आहे, पण करू नये. स्क्विडमध्ये तशी सोय आहे. प्रॉक्सी स्वतःच संकेतस्थळ असल्याची बतावणी करतो, मजकूर उलगडतो आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे पाठवतो. ब्राउझरने तक्रार करू नये म्हणून प्रत्येक संगणकात संस्थेचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ‘या प्रॉक्सीने दाखवलेली ओळख खरी माना’ असे ब्राउझरला सांगणारी फाइल, बसवावे लागते. त्यानंतर ग्रंथालयातून कोणी बँकेत लॉगिन केले, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला किंवा डॉक्टरांना मेल लिहिला, तर ते सारे त्या यंत्रापाशी उघडे होते; आणि ते यंत्र तुमच्याच सांगण्यानुसार जुने, कोणाचे लक्ष नसलेले आहे. कोणाच्या हाती ते लागले तर संपूर्ण महाविद्यालयाचे पासवर्ड एका जागी सापडतील. विशिष्ट स्थळे अडवायची असतील तर नावावरून अडवणे पुरेसे आहे, त्यासाठी मजकूर वाचावा लागत नाही.

शाहूपुरी_लेखापाल

वेगासाठी प्रॉक्सी नको हे मान्य, पण नोंदींसाठी तो हवा, असे मी म्हणेन. राउटरमागचे सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. उद्या कोणी तुमच्या जोडणीवरून गैरप्रकार केला आणि पोलिसांचे पत्र आले, तर कोणत्या संगणकावरून मागणी गेली हे स्क्विडच्या नोंदवहीतून काढता येते. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, कंपन्या, शासकीय संस्था आदींना प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. महाविद्यालय त्या कक्षेत येते का, हे संस्थेच्या वकिलांना विचारून घ्यावे. अर्थात नव्या फायरवॉलमध्येही नोंदी ठेवता येतात. ती घेणार असाल तर माझा आग्रह नाही.

मुलांच्या ‘फ्री प्रॉक्सी’विषयी कोणी बोलले नाही. तत्त्व एकच आहे, मालक वेगळा. तुमच्या यंत्राची जबाबदारी महाविद्यालयावर आहे. त्या फुकट सेवेचे यंत्र कोणाचे, कुठले आणि ते कशावर चालते हे मुलाला ठाऊक नसते. साध्या एचटीटीपीच्या पानात ती हवी ती जाहिरात घुसवू शकते, आणि मूल कोणत्या स्थळांवर जाते याची यादी तिच्याकडे आपोआप जमा होते. पत्ता टाकायला लावणारी ‘वेब प्रॉक्सी’ पाने तर त्याहून वाईट, कारण तेथे एचटीटीपीएसची कूटबद्धता त्या सेवेपाशीच संपते आणि टाकलेला पासवर्ड तिला वाचता येतो. व्हीपीएन थोडे निराळे: ते एका ब्राउझरची नव्हे, तर सहसा संपूर्ण यंत्राची वाहतूक कूटबद्ध करून नेते. पण मधल्या माणसावर विश्वास ठेवण्याचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

उद्यमनगर_नेटवर्क

फायरवॉलच्या नोंदींबाबत सहमत आहे. मॅडम, यंत्र काढण्याचे ठरले तर एक काळजी घ्या. यंत्र बंद केले आणि संगणकांतील पत्ता तसाच राहिला, तर प्रत्येक ब्राउझर ‘प्रॉक्सी सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असे दाखवून थांबेल आणि मुलांना वाटेल की फायबरच बिघडले. क्रोम आणि एज हे विंडोजची मांडणी वापरतात, म्हणून त्यांच्यासाठी सेटिंग्जमधील ‘नेटवर्क’च्या आत ‘प्रॉक्सी’ येथे बदल करावा. फायरफॉक्समध्ये पत्ता स्वतंत्र भरलेला असू शकतो, तो वेगळा तपासावा. काही सॉफ्टवेअर स्वतःच्या मांडणीत प्रॉक्सी लिहून ठेवतात, विशेषतः अँटिव्हायरस. त्याची अद्यतने थांबली तर कोणाच्या पटकन लक्षात येत नाही. आधी ग्रंथालयातील दोन-तीन संगणकांवर बदल करून पाहा, मग संगणक कक्ष घ्या, आणि परीक्षा अर्जांच्या दिवसांत हे काम काढू नका.