गाइडबरोबर परदेशात जाणं म्हणजे मेंढरांचा कळप? अजिबात नाही!

मुक्ता_सातारा: काल इथे एकांनी लिहिलंय की ग्रुपने फॉरेनला जाणारे म्हणजे झेंड्यामागे चालणारी मेंढरं, स्वतःचं तिकीट काढता येत नसेल तर घरी बसा. वाचून डोकंच फिरलं. अहो, पन्नास जणांची बस आणि बारा जणांचा ग्रुप यात काही फरक आहे की नाही? आम्ही उझबेकिस्तानला गेलो तेव्हा बारा जण होतो आणि गाइड तिथलाच. समरकंदला उलुगबेग या पंधराव्या शतकातल्या खगोलज्ञ राजाची वेधशाळा आहे, बाहेरून बघाल तर काहीच नाही, आत जमिनीखाली उतरत गेलेली एक दगडी कमान, 1908 मध्ये उकरून काढलेली. मी एकटी असते तर फोटो काढून पाच मिनिटांत बाहेर पडले असते. गाइडने आम्हाला कठड्याशी उभं केलं, सूर्याचा कवडसा कमानीवर कुठे पडायचा आणि त्यावरून सूर्याची उंची कशी मोजायची ते बोटाने दाखवलं, मग म्हणाला तुमच्या जयपूरच्या जयसिंगानेही उलुगबेगचे ताऱ्यांचे तक्ते अभ्यासले होते. आमच्यातल्या एक रिटायर्ड गणिताच्या बाई तिथेच प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिल्या आणि आम्ही बाकीचे ऐकत. हे पन्नासात होतं का सांगा.

भटक्या७४: ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. ताश्कंद-समरकंद अफ्रोसियोब ट्रेनचं तिकीट ऑनलाइन मिळतं, दोन-अडीच तासांत पोचता, टॅक्सीला यांडेक्सचं ॲप. बुखाऱ्यात ल्याबी हौज या जुन्या तलावाच्या काठी तुतीच्या झाडाखाली मी सकाळभर चहा पीत बसलो, शेजारच्या आजोबांनी नान तोडून हातात दिला, भाषा एकमेकांची शून्य. तुमचा गाइड इतका वेळ बसू देईल? "चला, लंचला उशीर होतोय"!

नाशिककर: आम्हाला संध्याकाळ मोकळी होती आणि आम्ही तिथेच बसलो होतो. छोट्या ग्रुपात वेळ मिळतो हो, उगाच काहीतरी. मोठ्या ग्रुपचा त्रास खुद्द व्हेनिसलाही झाला, 2024 च्या ऑगस्टपासून तिथे पंचवीसच्या वर माणसं एका गाइडमागे चालत नाहीत आणि लाउडस्पीकरही बंद.

अनामिका_डोंबिवली: सगळं खरं, पण सिंगल सप्लिमेंटचं, म्हणजे एकटीने खोली घेतली की लागणाऱ्या जादा पैशांचं, कोणी बोलत नाही! हे गेल्यापासून मी एकटीच जाते. प्रत्येक वेळी एकटीला वरचे तीस-पस्तीस हजार, आणि खोली कुठली तर लिफ्टच्या मागची, जेमतेम बॅग उघडेल एवढी.

पियू_ठाणे: काकू, हॉटेलवाला खोलीचे पैसे घेतो, डोक्याचे नाही. मी या धंद्यात आहे, त्यात आमचं काही सुटत नाही.

अनामिका_डोंबिवली: पूर्ण खोलीचे पैसे घेता तर पूर्ण खोली द्या ना! जोडप्यांना बाल्कनी आणि आम्हाला अडगळ. नवरा गेला हा काय माझा गुन्हा आहे?

पियू_ठाणे: असं कोणी म्हटलं? ट्विन शेअरिंग घ्या, रूममेट आम्ही शोधून देतो.

अनामिका_डोंबिवली: दिली होती एका कंपनीने. एअरपोर्टवर पहिल्यांदा तोंड बघितलं आणि त्याच रात्री एका खोलीत. पहाटे चारला फोनवर मोठ्याने स्तोत्रं. आधी फोनवर तरी गाठ घालून द्यायची होती.

भटक्या७४: बघा, मी हेच म्हणतोय, लूट चाललीये. स्वतः बुक केलं तर एकटीलाही याच पैशात उत्तम खोली मिळेल.

मुक्ता_सातारा: तुम्हाला मिळते, मान्य. पण साठीतल्या बाईने रात्री अकराला अनोळखी स्टेशनवर उतरून पत्ता शोधायचा का? माझ्या आईचं रक्तातलं ऑक्सिजन प्रवासात कमी झालं तेव्हा गाइडच डॉक्टरांशी रशियन बोलला, मी काय करणार होते?

भटक्या७४: ठीक आहे. आजारपणाचं मान्य, एकट्या बायकांचंही मान्य. 'मेंढरं' हा शब्द तेवढा मागे घेतो. पण धडधाकट पस्तिशीतली पोरं झेंड्यामागे चालतात ते मला बघवत नाही, ते राहणारच.

नाशिककर: नका बघू मग. आमचे पैसे, आमची सुट्टी.

पियू_ठाणे: काकू, रूममेटशी आधी बोलणं करून देण्याचं आमच्याकडे सरांना सांगते. खोलीच्या आकाराबद्दल वचन देत नाही.

अनामिका_डोंबिवली: नुसतं सांगू नका, करा. मार्चमध्ये जॉर्जियाला जायचंय, कोणी एकटी निघत असेल तर मेसेज करा. घोरणारी चालेल, पहाटे चारला फोन लावणारी नको.