मदत हवी आहे: बाबांच्या बालगृहातल्या नोंदी कुठे शोधू?

बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला परवा हाती लागला. शाळा रत्नागिरीतली, साल १९६४, आणि पालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव नाही, नुसतं 'अधीक्षक'. निळ्या शाईत, ठसठशीत.

बाबा हयात आहेत, पण विषय काढला की उठून पडवीत जाऊन बसतात. त्यांना पुन्हा छळायचं नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरातही तेवढंच आहे. बालगृह केव्हाच बंद झालं. मूळ गाव देवगडकडचं, म्हणजे १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच. तेव्हा मुंबईचा १९४८ चा बाल अधिनियम होता, म्हणून कोर्टाचा आदेशही असेल असं वाटतं.

बंद बालगृहाचं दाखल रजिस्टर कुठल्या कचेरीत जमा होतं? आणि बाबांच्या सहीशिवाय ते मला बघता येईल का?