पुली बदलण्याआधी अर्थिंग तपासावे

गोव्यातील पर्वरीच्या वाहतूक कोंडीत पावसाळ्यात एसी, दिवे आणि वायपर एकदम चालू असताना बॅटरी उतरते, म्हणून अल्टरनेटरला (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) लहान पुली, म्हणजे पट्ट्याचे चाक, बसवावी, ही आपली सूचना तत्त्वतः बरोबर आहे. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन ८०० आरपीएमने (मिनिटाला फेरे) फिरत असेल, तर पुलींच्या २.५ पट गुणोत्तराने अल्टरनेटर जेमतेम २००० आरपीएमने फिरतो आणि पूर्ण प्रवाह देऊ शकत नाही. मात्र लहान पुलीवर पट्टा अधिक घसरतो, हेही लक्षात घ्यावे. पुली बदलण्याआधी अर्थिंग तपासण्यासाठी इंजिन आयडलिंगला आणि सर्व भार चालू ठेवून, अल्टरनेटरची बॉडी व बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत (माझी गाडी मिरामारला उघड्यावरच असते) अर्थिंगची पट्टी (इंजिन व बॉडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडणारी) हमखास गंजते, मोजलेले व्होल्टेज ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास प्रथम या पट्टीचा जोड घासून घट्ट करावा.